कोलाजवर घरगुती स्क्रीन प्रिंट घेताना कडेला पांढरी रेघ राहते, काय चुकतंय?

कातरबोट

आधीच सांगते, मी कात्री-गोंदवाली. छपाईशी माझा आजवरचा संबंध म्हणजे छापलेलं दिसलं की कापायचं, एवढाच. त्यामुळे खाली अडाणीपणा दिसला तर हसा, पण हसून झालं की उत्तर द्या.

माझी मावशी कपडे शिवायची. तिच्या मागे तिच्या पेटीतले कागदी पॅटर्न माझ्याकडे आले. पातळ, तपकिरी, हातात घेतले की कुरकुरणारे. त्यांवर तुटक रेघा, बाण, बाहीचे अर्धगोल, मापांच्या आकड्यांच्या रांगा. पेटीत भरतकामाची एक मोठी लाकडी रिंगही होती. या कागदांची बारा कोलाज करायची असं ठरवलं. तळाला जाड कार्ड, त्यावर पॅटर्नचे तुकडे, मग जुन्या मासिकांतली कात्रणं, थोडं वर्तमानपत्र, दोन-तीन ठिकाणी खरं कापड. आणि बाराही चित्रांत एकच आकृती हवी: मावशीचं शिवणयंत्र, बाजूनं पाहिलेलं, मी हातानं काढलेलं. कुठे गडद, कुठे पुसट, कुठे अर्धंच. झेरॉक्स कापून चिकटवून पाहिली, पण ती पाहुण्यासारखी वर बसून राहते. मला यंत्र त्या कागदांत मुरलेलं हवं होतं. म्हणून स्क्रीन प्रिंट, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई खाली दाबून घेतलेला छाप.

घरात होतं त्यावर भागवलं. रिंगमध्ये जुन्या पडद्याचं झिरझिरीत कापड ताणून बसवलं. खाली चित्र ठेवून पेन्सिलीनं गिरवलं आणि जिथून शाई जायला नको तिथे सुतारकामाचा पांढरा गोंद ब्रशनं भरला. रात्रभर वाळू दिला. सकाळी उजेडात धरून टाचणीच्या टोकाएवढी भोकं परत बुजवली. शाई म्हणून ट्यूबमधला ॲक्रिलिक रंग, तसाच. स्क्विजी (जाळीवरून शाई दाबत ओढायचं पातं) म्हणून आधी जुनं प्लॅस्टिकचं कार्ड, नंतर खिडकीच्या काचा पुसायचं रबर.

साध्या कागदावर पहिला छाप उमटला तेव्हा मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. दुसराही बरा आला. तिसऱ्याला सुईचा दांडा गायब, कारण बारीक रेघांत रंग वाळून बसला होता. तो काढायला ओल्या फडक्यानं पुसलं, तर गोंद मऊ पडला आणि चाकाच्या आऱ्या एकमेकींत मिसळल्या. पुन्हा गोंद, पुन्हा वाळवणं, पाचव्या छापाला पुन्हा तेच. तरी धीर करून कोलाजवर घेतलाच. तिथे प्रत्येक कात्रणाच्या कडेला पांढरी रेघ. कागद जिथे संपतो त्याच्या लगेच पलीकडे शाई पोचतच नाही. केसाएवढी नव्हे, चांगली मिलिमीटरभर जागा कोरी. आणि काही कडांवर उलटा प्रकार, शाईचा बांध साचलेला. गुळगुळीत मासिकाच्या पानावर छाप झकास दिसला, पण दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर बोटालाच लागला.

जोर लावूनही पाहिला. जोरानं यंत्र जाडजूड होतं, रेघ जिथल्या तिथे.

चौदांपैकी ठेवण्यासारखे दोन. कोलाजवर घरच्या घरी छापता येतं का, की मी उगाच हट्ट धरून बसलेय?

निवांत

रबराचा शिक्का कोरा की. एवढा खटाटोप कशाला?

कातरबोट

कोरला होता. चाकाच्या आऱ्या कोरताना बोट कापलं, हे नाव तिथूनच आलंय. शिवाय यंत्र वीतभराहून मोठं आहे, एवढा शिक्का हातानं सगळीकडे सारखा दाबला जात नाही.

जाळीवाला

ताई, चौदात दोन वाईट नाहीत. मी छापखान्यात स्क्रीनवर शिकायला लागलो तेव्हा बरेच दिवस नुसत्या स्क्रीन धुतल्या, छाप लांबच.

तुमची दुखणी वेगवेगळी आहेत आणि एकमेकांत गुंतलीत. पांढऱ्या रेघेपासून सुरू करतो, कारण तिचं कारण सोपं आहे आणि उपाय मात्र अर्धामुर्धाच आहे.

साधा लिहायचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. तीन थर आणि मधला गोंद धरला की पायरी साधारण तिसरा हिस्सा मिलिमीटरची झाली. डोळ्याला ती काहीच नाही, पण जाळीला ती भिंत आहे. ताणलेली जाळी वरच्या थरावर टेकते, तिथून खालच्या थरापर्यंत तिरकी उतरते, तंबूच्या कापडासारखी. त्या तंबूखाली पोकळी राहते. जाळीतून आलेली शाई कागदाला टेकली तरच उमटते, हवेत लटकलेली उमटत नाही. झाली पांढरी रेघ. आणि स्क्विजी खालून वर चढते तेव्हा कडेवर आपटते, तिथे शाई जास्त दाबली जाते. झाला बांध. जोर लावून तंबू थोडा खाली बसतो, पण तोवर सपाट भागात शाई जाळीखालून बाहेर पसरलेली असते. म्हणून तुमचं यंत्र जाडजूड झालं.

कोलाज न बदलता काय करता येईल? छापण्याआधी ते रात्रभर वजनाखाली दाबा. स्क्विजीचा हात मोठ्या कडांना आडवा मारू नका, कडेच्या दिशेनं ओढा, म्हणजे पात्याला चढ-उतार कमी लागतो. रबर मऊ घ्या. स्क्विजीच्या रबराची कठीणता शोअर या मापात सांगतात. साठच्या आसपासचं मऊ, सत्तरचं मध्यम, ऐंशीच्या पुढचं कडक. सपाट कागदाला सत्तर ठीक, खडबडीला साठ. आणि कात्रीनं कापण्याऐवजी कागद फाडा. कापलेली कड म्हणजे उभा कडा, फाडलेली कड म्हणजे उतार. उतारावर जाळी टेकते. (तुमच्या नावाला हे शोभणार नाही, पण करून बघा.)

आता गोंद. पांढरा गोंद वाळला तरी पाण्यात परत मऊ होतो, आणि तुमची शाई पाण्यातलीच. म्हणजे धरण मातीचं आणि तुम्ही त्यात पाणी भरताय. त्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम (रंग न घातलेला ॲक्रिलिक, वाळून पारदर्शक होतो) किंवा नेलपॉलिशनं भोकं बुजवा. वाळलं की पाण्याला दाद देत नाही. मात्र ती स्क्रीन मग त्याच चित्राची, परत कोरी होत नाही.

जाळी. पडद्याचं कापड शिकायला ठीक, पण त्याची वीण एकसारखी नसते. छपाईची पॉलिएस्टर जाळी सेंटिमीटरमागे किती धागे यावर ओळखतात. ४३ ची उघडी, जाड शाईची, कापडावर चालते. कागदावर बारीक रेघांना ७७ ते ९०. काही जण इंचावर मोजतात, त्यांची ११० म्हणजेच आपली ४३, आणि २३० म्हणजे ९०. विकत घेताना हा घोळ लक्षात ठेवा. रिंग गोल असल्यामुळे आणि स्क्रूवर असल्यामुळे छापता छापता मधोमध सैल पडते. चार पट्ट्यांची लाकडी चौकट करा. जाळी स्टेपल करताना आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य, मग दोन्हीकडे सरकत कोपरे. टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज यायला हवा.

शाई. ट्यूबमधला रंग तसाच वापरला की जाळीत वाळणारच. स्क्रीन प्रिंटिंगचं मीडियम मिळतं, ते निम्मं आणि रंग निम्मा. त्यानं वाळायला वेळ लागतो आणि शाई सरकते. दुसरं, आणि हे कुणी सांगत नाही: प्रत्येक छापानंतर स्क्रीन उचलून धरा आणि अजिबात न दाबता शाईचा एक हलका थर पूर्ण चित्रावर ओढून ठेवा. भोकं शाईनं भरलेली राहिली की वाळत नाहीत. चहाला उठायचं असेल तर आधी स्क्रीन धुवा. आमच्याकडे यावर शिव्या बसायच्या.

अजून एक. स्क्रीन कागदाला चिकटून ठेवू नका. चौकटीच्या कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे लावा, दोन-तीन मिलिमीटर उंची येईल एवढे. स्क्विजी जाते तेवढीच रेघ टेकते आणि मागे जाळी लगेच सुटते. छापाची धार इथून येते.

एवढं सगळं करून कोलाजवरची रेघ बारीक होईल. जाणार नाही.

कातरबोट

जाळीवाला, मातीचं धरण वाचून कपाळावर हात मारला. ढोलकीची परीक्षा आत्ताच घेतली, माझ्या रिंगचा आवाज ओल्या पोत्याचा येतो.

पण शेवटच्या वाक्यानं निराश केलंत.

रद्दीची राणी

अगं कातरबोट, तू उलटं करतेयस! कोलाजवर छापू नकोस. छापलेलं कोलाजात लाव. आणि झेरॉक्स पाहुण्यासारखी बसते म्हणालीस ना, ती कागदामुळे बसते, छापामुळे नाही. तिच्या पांढऱ्या जाड कागदाला स्वतःची कड आहे.

छाप टिश्यू कागदावर घे. पूर्ण वाळू दे. मग कोलाजवर मॅट ॲक्रिलिक मीडियमचा थर दे, त्यावर टिश्यू ठेव, आणि वरून परत मीडियम. वाळल्यावर टिश्यू पारदर्शक होतो. तंतूंच्या मध्ये हवा असते म्हणून पातळ कागद पांढरट दिसतो. त्या हवेची जागा मीडियमनं घेतली की कागद जवळजवळ नाहीसा होतो आणि नुसती शाई उरते. कात्रणांच्या पायऱ्या, कापड, सगळ्यावरून ती सलग उतरते, कारण ओला टिश्यू खाचेत बसतो, जाळी बसत नाही.

आणि टिश्यू विकत आणायला जाऊ नकोस. मावशीचे पॅटर्न कसल्या कागदावर आहेत म्हणालीस?

तू ते तळाला चिकटवून वर यंत्र छापायला बघतेयस. यंत्र पॅटर्नच्या कागदावरच छाप आणि सगळ्यात वर आण. तपकिरी झाक थोडी राहील, ती राहू दे, मला तर हवीच वाटेल.

थोडं विषयांतर. लोकांना वाटतं चिकटवलेल्यावर छापणं किंवा रंगवणं हे मूळ आणि छापलेलं चिकटवणं ही पळवाट. आहे उलट. १९१२ साली पिकासोनं वेताच्या खुर्चीचं चित्र काढायच्या ऐवजी वेताची वीण छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि भोवती दोरीची चौकट केली. त्याच वर्षी त्याचा चित्रकार मित्र ब्राकनं लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून कोळशाच्या रेखाटनात लावला. म्हणजे कोलाजची सुरुवातच यंत्रावर छापलेल्या कागदापासून. पुढे १९६५ मध्ये ब्रिटिश शिल्पकार एदुआर्दो पाओलोत्सीनं तिसराच मार्ग धरला. आधी कोलाज केली, मग लंडनच्या केल्प्रा या स्क्रीन छपाईच्या स्टुडिओत त्या कोलाजच्याच स्टेन्सिली (नको तिथे शाई अडवणारे साचे) करून ती रंगारंगानं छापून घेतली. तिथे एकही कड उंच नाही, कारण चिकटवलेलं काही उरलंच नाही. तो मार्ग देखणा आहे, पण प्रत्येक रंगाला एक स्क्रीन. तुझ्या बारा चित्रांसाठी जन्म जाईल.

आता कटकटीच्या गोष्टी भरभर. गुळगुळीत मासिकाच्या कागदावर चिकणमातीचा लेप असतो, पाण्यातली शाई त्यात शिरत नाही, नुसती वर बसते. त्यावर आधी मॅट मीडियमचा पातळ हात दे, त्याला शाई धरते. इंकजेटवर काढलेलं काही चिकटवत असशील तर सावध, ओलं झालं की बऱ्याच शाया पसरतात. लेझरवरचं टोनर पसरत नाही. रंगीत पतंगी कागद तर मीडियम लागताच रंग सोडतो, मुद्दाम हवा असेल तरच वापर. बिलाच्या पावत्या लावू नकोस, त्या उष्णतेनं उमटलेल्या असतात, हळूहळू पांढऱ्या होतात. वर्तमानपत्र पिवळं पडणारच. लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहिलेलं असतं, उजेडानं आणि हवेनं ते तपकिरी होतं. मला ते आवडतं. तुला नको असेल तर चांगल्या कागदावर त्याची लेझर प्रत काढून तीच लाव.

आणि फसलेले बारा छाप फेकले नाहीस ना? तेच तुझे पुढचे कागद आहेत. उलटे लाव, फाडून लाव, पसरलेल्या आऱ्यांचं चाक तर सुंदर असणार.

शाईडाग

मी दोघांशीही भांडायला आलोय.

पांढरी रेघ लपवायची कशाला? तुम्हाला शिवणकामावर चित्र करायचंय. कापडाचे दोन तुकडे जोडले तिथे शिवण दिसते. तुमच्या कागदांचे दोन तुकडे जोडले तिथे यंत्राचं चित्र तुटतंय. मला तर हे फुकटात मिळालेलं वाटतं. वॉरहॉलचं १९६२ चं मॅरिलिन डिप्टिक पाहा, मॅरिलिन मन्रोच्या एकाच फोटोचं दोन भागांतलं चित्र. उजव्या अर्ध्या भागात काळ्या शाईतले चेहरे, काही लपलपीत काळे, काही पुसट होत होत जवळपास नाहीसे. जाळीत शाई बुजली, कमी-जास्त पडली, ते तसंच ठेवलंय. नीट छापलं असतं तर तो नुसता पन्नास वेळा आलेला एक फोटो राहिला असता.

दुसरं, जाळीवाल्यांना कुणीतरी लवकरच विचारणार की प्रकाशानं स्टेन्सिल कशी करायची. त्याआधीच सांगतो. घरी इमल्शन (जाळीवर द्यायचा, उजेडानं घट्ट होणारा लेप) बनवायच्या जुन्या कृती सापडतात, त्यांत जिलेटिन किंवा गोंदात पोटॅशियम किंवा अमोनियम डायक्रोमेट मिसळायला सांगतात. केशरी खडे असतात. ते हाताळू नका. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, कातडीलाही वाईट, आणि मोरीतून जाऊन पाण्यालाही. तयार डायझो किंवा फोटोपॉलिमर इमल्शन घ्या.

जाळीवाला

डायक्रोमेटबद्दल शंभर टक्के. आमचे जुने लोक उघड्या हातांनी करायचे, त्यांचे हात मी पाहिलेत.

रेघ ठेवायची हौस असेल तर ठेवा, पण आधी ती घालवता आली पाहिजे. येत नाही म्हणून ठेवणं आणि हवी म्हणून ठेवणं, बघणाऱ्याला कळतं.

राणीबाईंचा टिश्यू मला सुचला नव्हता. आम्ही कायम सपाटावरच छापलं. पण मग रेघा बारीक पाहिजेत, आणि ब्रशनं बुजवून आऱ्या नीट यायच्या नाहीत. म्हणून इमल्शनचं सांगतोच.

चित्र काळ्या शाईनं ट्रेसिंग पेपरवर काढा किंवा लेझरवर छापा. उजेडात धरल्यावर काळ्यातून प्रकाश दिसला तर दोन प्रती तंतोतंत एकावर एक लावा. जाळी साबणानं धुवून वाळवा. इमल्शन दोन्ही बाजूंनी पातळ ओढा. जाड थर ही पहिल्या वेळची ठरलेली चूक. अंधारात आडवी वाळवा, छापाची बाजू (कागदाला टेकते ती) खाली. पिवळा बल्ब चालतो. मग चित्र छापाच्या बाजूला टेकवून वर काच ठेवा, शाईच्या बाजूनं पाहिलं तर चित्र सुलटं दिसायला हवं. खाली काळा कागद, नाहीतर उजेड परत उसळतो.

किती वेळ उजेड द्यायचा हे मला विचारू नका, तुमच्या दिव्याला विचारा. अतिनील दिवा घ्या, ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा. एका छोट्या स्क्रीनवर पुठ्ठा सरकवत पट्टे करा, दोन मिनिटं, चार, सहा, असे. धुताना इमल्शन चिकचिकीत होऊन सगळंच वाहून गेलं तर उजेड कमी पडला. बारीक रेघा उघडतच नसतील तर जास्त झाला. मधला पट्टा तुमचा. धुताना दोन्ही बाजू ओल्या करून मिनिटभर थांबा, मग हलका फवारा. नखानं खरवडू नका. खरवडणारच, पण नका.

कागदफूल

वाचतेय, मजा येतेय. इमल्शनची स्क्रीन परत कोरी करता येते का?

जाळीवाला

येते. रिमूव्हर मिळतो, बहुतेकांत सोडियम मेटापिरिऑडेट असतं. लावायचं, काही मिनिटं थांबायचं, जोराच्या पाण्यानं धुवायचं. पण जाळीवरच वाळू द्यायचं नाही, वाळलं की इमल्शन कायमचं बसतं.

कातरबोट

तीन आठवड्यांनी हजर. आधी राग सांगते, मग आनंद.

राग असा की मावशीच्या पॅटर्नवर पहिले चार छाप वाया गेले. पातळ कागद शाईसकट जाळीच्या पोटाला चिकटून वर उचलला जायचा आणि सोडवताना फाटायचा. एक तर बाहीचा मोठा तुकडा होता, पुन्हा मिळणार नाही. त्यावर मावशीच्या हातची पेन्सिलीची खूण होती. त्या दिवशी सगळं आवरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पॅटर्नच्या चारही कडा साध्या कागदावर चिकटपट्टीनं धरल्या. पट्टी आधी कपड्यावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारला, नाहीतर तीच फाडते. पुठ्ठ्याचे तुकडे लावून स्क्रीन उंच केली. एकच हात, दुसरा नाही. आणि छापून झाल्यावर चौकट एका बाजूनं हळूहळू उचलली. निघाला. सुईचा दांडा, दोऱ्याची कडी, चाकाच्या सगळ्या आऱ्या. आधी मी चित्रच जाड रेघांनी काढलं होतं, आता पुन्हा काढलं, कारण जाळी ७७ ची आली आणि हाव सुटली.

उजेडाची परीक्षा घेतली. माझ्या दिव्याला, हातभर अंतरावरून, आठ मिनिटं लागतात. सहाला पायाजवळचा भाग वाहून गेला, दहाला आऱ्या उघडेनात. नखानं खरवडलं. हो.

छाप एक दिवस वाळू दिले, मग राणीनं सांगितलं तसं. खाली मीडियम, वर पॅटर्न, मऊ ब्रशनं मधून कडेकडे. सुरकुत्या पडतात. मोठ्या सपाट ठिकाणी मोडायला जाऊ नये, कागद तिथेच फाटतो, हे पाच मिनिटांत शिकले. आणि मग वाळताना ते झालं. मी समोर बसून होते. ओला असताना नुसता तपकिरी चिखल दिसत होता. तासाभरानं खालची कात्रणं वर यायला लागली, वर्तमानपत्रातल्या ओळी वाचता आल्या, आणि यंत्र त्या सगळ्यांतून गेलेलं. कडेला रेघ नाही. एका चित्रात पॅटर्नवरची तुटक रेघ नेमकी सुईच्या खालून निघते. मी ठरवून केलेलं नाही, पण कुणी विचारलं तर सांगणार नाही.

बारांपैकी सात झालीत. शाईडाग, तुमच्यासाठी दोन चित्रांत थेट कोलाजवर छापलंय. फाडलेल्या कडांवर रेघ खरंच बारीक होते, म्हणून तिथे मुद्दाम कात्रीनं कापलेले तुकडे लावले आणि हात आडवा मारला. यंत्र तीन ठिकाणी तुटतं. ही दोन मला सगळ्यांत आवडतात की नाही हे अजून ठरत नाही. शेजारी शेजारी ठेवून रोज बघतेय.

फसलेलं चाक एका चित्रात बटणांच्या जागी गेलं.

आता नवा त्रास. वजनाखालून काढली की कार्डं वाकतात, चित्राच्या बाजूला आत. सहाव्याचा डावा कोपरा तर बोटभर उचलतो. पुन्हा दाबलं तर दोन दिवस नीट, मग परत तेच.

जाळीवाला

पुढच्या बाजूला पाच थर आणि मागे काही नाही, वाकणारच. ओला कागद फुगतो, वाळताना आखडतो आणि कार्डाला स्वतःकडे ओढतो. मागच्या बाजूलाही तसाच कागद तेवढंच मीडियम लावून चिकटवा, तंतूंची दिशा पुढच्यासारखीच ठेवून. दिशा कळत नसेल तर कागदाची पट्टी एका बाजूनं ओली करा, ज्या अक्षाभोवती तिची गुंडाळी होते ती तंतूंची दिशा.

रद्दीची राणी

मागे कोरा कागद कशाला लावतेयस, उरलेले फसलेले छाप लाव. आणि सातवं दाखव आधी.

कातरबोट

दाखवते. मागे सुईचा दांडा गायब असलेला छाप लावलाय, तो वाळू दे.